विना जावक क्रमांक

चहा घ्या. साखर बेताचीच घातली आहे, कारण तुम्हाला किती लागते ते मला ठाऊक नाही. माझ्या लॅपटॉपला विचारलं असतं तर कदाचित कळलं असतं. पण त्या विषयाकडे रीतसर येऊ.

आधी तक्रारदार कोण, ते रेकॉर्डवर येऊ दे. मी एका सरकारी कचेरीत 31 वर्षं आवक-जावकचं टेबल सांभाळलं. या टेबलाला लोक हसतात. हसू द्या. क्रमांक, दिनांक, विषय आणि कोणाकडे रवाना, हे चार रकाने भरल्याशिवाय माझ्या हातून एक कागद दाराबाहेर पडला नाही. साहेबांच्या मुलीच्या लग्नपत्रिका शिपायाबरोबर पाठवायच्या होत्या, त्याही मी जावक क्रमांक टाकूनच सोडल्या. विषय : शुभविवाह. साहेब आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण 210 पैकी एक पत्रिका गहाळ झाली नाही.

अशा माणसाच्या घरात गेली दोन वर्षं एक यंत्र बसलं आहे. ते रात्रंदिवस बाहेर काहीतरी धाडत असतं आणि कुठे नोंद म्हणून करत नाही. मला सांगा, हे सहन करायचं?

लॅपटॉप घेतला तो सोसायटीपायी. 14 सदनिका, आणि सेक्रेटरी मी, कारण सभेला मी उशिरा पोहोचलो. थकबाकीच्या नोटिसा, पाण्याच्या टाकीचा पत्रव्यवहार, सभांची इतिवृत्तं हे सगळं हाताने लिहिणं जमेना. पुण्याहून पुतण्या आला, त्याने यंत्र मांडून दिलं. त्यात कुठल्या कंपनीची ऑपरेटिंग सिस्टीम आहे, ते मी सांगणार नाही. तिने माझा खासगीपणा राखला नाही म्हणून मी तिचा राखू नये, हे माझ्या शिस्तीत बसत नाही.

यंत्र सुरू होताच 'नमस्कार' म्हणालं. बरं वाटलं. आमच्या जिन्यात हल्ली तेवढंही कोणी म्हणत नाही. मग एकामागून एक पाटी येऊ लागली. तुमचं स्थान आम्हाला कळू द्यायचं का? तुम्ही काय टंकता ते पाठवायचं का? तुमचा आवाज? 'निदानविषयक माहिती'? माझा पहिला प्रश्न, निदान कसलं? मी आजारी नाही. दुसरा असा की प्रत्येक पाटीवरचं बटण आधीच होकाराकडे सरकवून ठेवलेलं. म्हणजे अर्ज यांनीच लिहिला, यांनीच भरला, आणि माझा अंगठा तेवढा शाईच्या पॅडवर धरला. आमच्या कचेरीत असा भरलेला अर्ज कोणी पुढे केला असता, तर त्याला पुढचे तीन महिने स्पष्टीकरणं देत बसावं लागलं असतं.

आणि नकार द्यायचा तर कसा? बटणं दोन. 'होय' आणि 'आत्ता नको'. 'नाही' हा दोन अक्षरांचा शब्द त्यांच्या मराठी भाषांतरकाराला सापडला नसेल, असं मी काही काळ समजून घेतलं. आपल्याकडे स्थळ नाकारायचं तर पत्रिका जमत नाही म्हणतात, मुलगी अजून शिकतेय म्हणतात. काहीतरी सोय असते. इथे मी 'आत्ता नको' म्हणालो, आणि मुलाकडचे दर पंधरा दिवसांनी दारात येऊन उभे राहतात : आता?

सगळ्यात जिव्हारी लागली ती शेवटची पाटी. तुम्हाला 'जाहिरात ओळख क्रमांक' देत आहोत. 31 वर्षं मी जगाला क्रमांक दिले. आता मलाच एक क्रमांक पडला आहे, आणि तो काय आहे हे मला माहीत नाही.

पुतण्या म्हणाला, "काका, तुमच्याकडे लपवण्यासारखं आहे तरी काय?"

हा प्रश्न तुम्हालाही कोणी ना कोणी विचारलाच असेल. उत्तर देताना आपण गडबडतो, आणि गडबडलो की आणखी संशयास्पद दिसतो. मी त्याला आमच्या गावच्या पोस्टमनची गोष्ट सांगितली. तो पोस्टकार्डं वाचायचा. उघड वाचायचा. आमच्या ओट्यावर बसून आईला म्हणायचा, "वहिनी, तुमच्या नणंदेचं गुडघ्याचं पुन्हा निघालंय." पण तो समोर बसायचा, चहा घ्यायचा, आणि त्याच्या घरी काय चाललंय हे आम्हालाही ठाऊक असायचं. हिशेब बरोबरीचा होता. शिवाय ज्याला नको असेल त्याने चार पैसे जास्त टाकून आंतर्देशीय पत्र घ्यावं आणि कडांना डिंक लावावा. आत काय असायचं? तीच खुशाली, तोच गुडघा. डिंक गुन्हा झाकायला लावत नसत. आता मी लॅपटॉपला डिंक लावायचा कुठे?

कॅमेऱ्याला मात्र लावता आला. बायकोच्या पाकिटातली मरून टिकली काढून त्या बारक्या भिंगावर चिकटवली. 2016 साली खुद्द मार्क झुकेरबर्गचा एक फोटो प्रसिद्ध झाला, त्यात मागे त्याच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी दिसत होती. दुसऱ्यांची माहिती गोळा करून ज्याचं बरं चाललं आहे त्या माणसानेच पट्टी लावलेली पाहिल्यावर, टिकली लावणारा मी वेडा ठरत नाही, असं माझं नम्र प्रतिपादन आहे. शेजारच्या काकू येऊन गेल्या आणि लॅपटॉपला हळदीकुंकवाला बोलावू का म्हणाल्या. मी उत्तर दिलं नाही.

बटणं मी एका रविवारी बसून बंद केली. एकूण 23. ती एका ठिकाणी नाहीत. काही 'खासगीपणा' या सदरात आहेत, काही 'वैयक्तिकरण' या सदरात, दोन ब्राउझरमध्ये, आणि एक अशा कोपऱ्यात की तिथे पोहोचेपर्यंत आपण कशासाठी निघालो होतो ते विसरावं. तरी केली. मंगळवारी रात्री यंत्र म्हणालं, अद्यतन करतोय, बंद करू नका. बुधवारी सकाळी पाहतो तर तीन बटणं पुन्हा चालू.

तेव्हा मी दुकानातून 200 पानी नोंदवही आणली, रूळ घेऊन रकाने आखले. दिनांक, बटणाचे नाव, कालची स्थिती, आजची स्थिती, कोणी बदलली, शेरा. 'कोणी बदलली' या रकान्यात आजवर एकच शब्द आहे : अज्ञात. बायको म्हणते, निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात. करत असतील. त्यांच्या झेंडूच्या फुलांची माहिती रात्रीतून परदेशी जात नसेल.

तुम्ही म्हणाल, ही एका कंपनीची खोड असेल. मीही तसंच समजत होतो. मग थोडी कागदपत्रं चाळली, आणि हे प्रकरण माझ्या टेबलापेक्षा मोठं निघालं. 2016 च्या जुलैत फ्रान्सच्या सीएनआयएल या माहिती-संरक्षण प्राधिकरणाने मायक्रोसॉफ्टला विंडोज 10 बद्दल काढलेली रीतसर नोटीस जाहीर केली. मुदत तीन महिने. आक्षेप काय, तर माणसाने कुठकुठली ॲपं घेतली आणि प्रत्येकात किती वेळ घालवला हेही गोळा होतंय, ते गरजेपेक्षा जास्त आहे. आणि जाहिरातीचा तो ओळख क्रमांक न विचारताच चालू आहे. नोटीस वाचून मला गहिवरून आलं. इतक्या दूर, इतक्या परक्या भाषेत कोणीतरी माझंच टिपण लिहिलं होतं. जून 2017 मध्ये प्राधिकरणाने प्रकरण बंद केलं, कारण कंपनीने सुधारणा केल्या, आणि अगदी मूळ पातळीवर जमा होणारी माहिती जवळजवळ निम्म्यावर आणली. यावर सगळे खूश. आमच्या दूधवाल्याने पाणी निम्मं केलं असं स्वतःहून सांगितलं असतं, तर मी आधी मागच्या वर्षांचा हिशेब मागितला असता.

अ‍ॅपलवाले नाक वर करून बसतात म्हणून त्यांचंही पाहिलं. 12 नोव्हेंबर 2020 रोजी त्यांचा एक सर्व्हर धापा टाकू लागला, आणि जगभर मॅकवर ॲपं उघडेनाशी झाली. त्या दिवशी पुष्कळांना प्रथमच कळलं की त्यांचा मॅक ॲप उघडण्याआधी कंपनीच्या सर्व्हरकडे प्रमाणपत्राची विचारपूस करतो. हेतू चांगला, ॲप खोटं तर नाही ना हे तपासायचं. पण मी माझ्याच कपाटातली फाइल काढताना शिपायाने धावत मुख्यालयाला विचारून यावं, आणि मुख्यालय जेवायला गेलं म्हणून कपाट उघडू नये? पुढे कंपनीने सांगितलं की या विचारपुशीसोबत येणारे आयपी पत्ते आम्ही जपून ठेवणार नाही. म्हणजे तोवर ठेवत होते. मला नसतं कळलं.

पुतण्या लिनक्सचा भक्त आहे. तिथे असलं काही नसतं म्हणे. मी त्याला उबुंटूचा 2012 चा दाखला दिला. 12.10 या आवृत्तीत आपण आपल्याच संगणकात एखादी फाइल शोधू लागलो, की तो शोध बाहेर जाऊन अ‍ॅमेझॉनवरच्या विक्रीच्या वस्तू घेऊन परत यायचा. मुक्त सॉफ्टवेअरचे पितामह रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याला सरळ हेरगिरी म्हटलं. ती सोय मुळातूनच बंद ठेवायला 2016 उजाडलं. पुतण्या म्हणाला, तो इतिहास झाला. झाला असेल. मी त्याच्या आग्रहाने आठ दिवस लिनक्स वापरूनही पाहिलं. तिथे बटणं शोधावी लागत नाहीत, हे खरं. प्रिंटर शोधावा लागतो.

फोनचं तर बोलूच नये. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधले डग्लस लीथ यांनी 2021 मध्ये मोजून दाखवलं की अँड्रॉइड असो की आयफोन, नुसता पडून असला तरी सरासरी दर साडेचार मिनिटांनी आपल्या मालक कंपनीशी बोलतो. गूगलने मोजण्याच्या पद्धतीवर हरकत घेतली, तीही रेकॉर्डवर असू द्या. मी मात्र कागद-पेन्सिल घेऊन बसलो. साडेचार मिनिटांनी एक, म्हणजे तासाला तेराच्या वर, दिवसाला 320. मार्चअखेरीला, अख्खं खातं माझ्या टेबलावर येऊन पडलेलं असताना, मी दिवसाला जास्तीत जास्त 90 जावक केल्या आहेत. त्या दिवशी मला ताप आला होता.

आता तुम्ही विचाराल, कायदा काय म्हणतो? कायदा आपल्या बाजूने आहे, आणि हीच खरी अडचण आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. याचिका कोणाची, तर कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांची. निकाल लागला तेव्हा त्यांनी नव्वदी ओलांडली होती. निवृत्त माणसाने घरी बसून काय करावं, असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. हे वाक्य मी बायकोला दोनदा वाचून दाखवलं आहे.

मग 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा आला. मी तो मुळातून वाचला. ज्याची माहिती आहे त्या माणसाला कायद्यात 'डेटा प्रिन्सिपल' म्हटलं आहे. 31 वर्षांत मी वरिष्ठ लिपिकाच्या पुढे सरकलो नाही, संसदेने मला एका फटक्यात प्रिन्सिपल केलं. संमती कशी हवी, तर मुक्त, विशिष्ट, माहिती देऊन घेतलेली, बिनशर्त आणि निःसंदिग्ध. 'आत्ता नको' यातलं काहीच नाही. सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या 22 भाषांपैकी हव्या त्या भाषेत वाचता आली पाहिजे, म्हणजे मराठीतही. मोडणाऱ्याला दंड 250 कोटी रुपयांपर्यंत. वाचता वाचता मी चष्मा पुसला.

नियम यायला नोव्हेंबर 2025 उजाडला, आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला त्यापुढे 18 महिन्यांची मुदत. यावर मात्र मी काही बोलणार नाही. आमच्या खात्यात 18 महिन्यांना 'तातडीने' म्हणत.

पण याच कायद्याचं कलम 15 वाचलंत? त्यात प्रिन्सिपलची कर्तव्यं आहेत. खोटी किंवा क्षुल्लक तक्रार करायची नाही. केली तर दंड 10,000 रुपयांपर्यंत. रात्री दोन वाजता मी हे वाचलं आणि झोप उडाली. क्षुल्लक म्हणजे किती? 23 बटणं क्षुल्लक धरतात का? दर पंधरा दिवसांनी मुलाकडचे दारात येतात ते? टिकली जोडपत्र म्हणून लावता येईल, पण मग कॅमेरा उघडा पडतो. तुम्ही सुज्ञ आहात, तुम्हीच सांगा, यात क्षुल्लक काय आहे.

तरी कंपनीकडे निवेदन करायचं ठरवलं. तक्रार नोंदवायची सोय यंत्रातच आहे. त्यात आधी नाव मागितलं. दिलं. ईमेल मागितला. दिला. फोन मागितला. माझी तक्रार अशी की माझी माहिती विनाकारण घेतली जाते, आणि ती नोंदवण्यासाठी मी तीही माहिती देत होतो, जी त्यांनी आजवर घेतली नव्हती. शेवटी एक चौकोन. 'समस्येचे नीट निराकरण व्हावे म्हणून तुमच्या यंत्राची संपूर्ण निदानविषयक माहिती सोबत जोडत आहोत.' त्यात बरोबरची खूण आधीच केलेली होती. मी अर्धा तास पडद्याकडे पाहत बसलो. पाठवली. उत्तर लगेच आलं, तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. पोच होती, पण पोचेवर क्रमांक नव्हता.

त्याच भटकंतीत मला एक गोष्ट सापडली, आणि तिचं वर्णन करताना अजूनही हात किंचित थरथरतो. आमच्या यंत्रात जावक रजिस्टर होतं. एका आडबाजूच्या सदरात एक खिडकी, जिच्यात आजवर काय काय बाहेर पाठवलं ते पाहता येतं. इतके दिवस ते बंद होतं आणि कोणी सांगितलं नव्हतं. चालू केलं. सकाळपर्यंत ओळीच ओळी आल्या. बहुतेक आकडे आणि महिरपी कंस, पण मी खाकी पाकिटांवरच्या डॉक्टरी अक्षरात आयुष्य काढलं आहे, मला सवय आहे. बॅटरी 41 टक्के. पडद्याचा उजेड कमी केला. कळफलक मराठी, मग इंग्रजी, मग मराठी. प्रिंटर सापडला नाही. प्रिंटर सापडला नाही. प्रिंटर सापडला नाही. प्रत्येक नोंदीला वेळ, सेकंदाच्याही खालच्या अपूर्णांकापर्यंत. कामात खोट काढायला जागा नव्हती. असा लिपिक माझ्या हाताखाली असता तर मी त्याची शिफारस केली असती.

मग एक ओळ आली. एका ॲपचं नाव, आणि पुढे वापराचा काळ. 47 मिनिटं 12 सेकंद. ॲप पत्त्यांच्या खेळाचं होतं. त्याच सकाळी, त्याच यंत्रावर, सोसायटीच्या जुलैच्या सभेचं इतिवृत्त उघडं असल्याची नोंद होती. तीन मिनिटं.

इथे थोडा खुलासा करणं भाग आहे. जुलैच्या सभेचं इतिवृत्त ऑक्टोबर संपला तरी आलं नव्हतं, आणि मी सर्व सभासदांना 'काम अंतिम टप्प्यात आहे' असं कळवलं होतं. ते अंतिम टप्प्यातच होतं. टप्पा लांब होता. बायकोलाही मी आत बसून तेच करतो आहे अशी समजूत होती, आणि ती समजूत मोडण्याचं कोणालाच काही कारण नव्हतं. माझ्या घरातल्या माणसाला जे ठाऊक नाही, ते एका परक्या कंपनीला सेकंदासह ठाऊक असावं? पुतण्याला आता जाऊन सांगा, लपवण्यासारखं काय आहे ते.

मी ती नोंद 200 पानी वहीत उतरवली नाही. शिस्तीत हा पहिला भंग.

गेल्या रविवारी कार्यकारिणी आमच्याकडे जमली. सात जण, पोहे, आणि इतिवृत्ताचा कच्चा मसुदा सगळ्यांना दिसावा म्हणून लॅपटॉप केबलने टीव्हीला जोडला. मी उभा राहून पहिला परिच्छेद वाचत होतो. चेअरमनसाहेब चष्मा कपाळावर घेऊन पाहत होते. तेवढ्यात पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातून एक चौकोन सरकत आला. टीव्ही 43 इंची आहे, त्यामुळे अक्षर ठसठशीत होतं. 'अभिनंदन! या आठवड्यात तुम्ही 11 तास 20 मिनिटे खेळलात. गेल्या आठवड्यापेक्षा 18 टक्के अधिक.' खाली दोन बटणं होती. 'मित्रांना कळवा' आणि 'आत्ता नको'.

स्वयंपाकघराच्या दारात बायको चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती काही बोलली नाही. तिने कप मोजले, एक कप माझ्यासमोर ठेवला, त्यात साखर नव्हती.

चेअरमनसाहेबांनी चष्मा खाली घेतला, पुन्हा एकदा सावकाश वाचलं आणि म्हणाले, "सेक्रेटरी, आजच्या इतिवृत्तात याची नोंद घ्या."

घेतली. विषय क्रमांक 6, आयत्या वेळचे विषय. इतिवृत्त या वेळी दुसऱ्याच दिवशी पूर्ण केलं आणि 14 सदनिकांना 14 प्रती रवाना केल्या, प्रत्येक प्रतीवर जावक क्रमांक टाकून. पोचेच्या वहीत 13 सह्या आल्या आहेत. सदनिका क्रमांक 9, म्हणजे आमची, अजून बाकी आहे.